जंगलसाहेबांचं वन

बा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होता. मोंढ्यात माल उतरला तर त्याच्या पाठीवर पोतं, आणि पाठीवर पोतं असलं तर आमच्या डब्यात पीठ. लातूर नवा जिल्हा झाला, दुकानांच्या पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरडून नवं रंगवलं गेलं, पेढे वाटले गेले, आणि पाठोपाठ पाऊस गेला. शिवारात पिकलंच नाही तर मोंढ्यात येणार काय? बा रोज सकाळी पोत्याला लावायचा लोखंडी हूक खांद्यावर अडकवून जायचा आणि दुपारी तसाच परत यायचा. हूक खिळ्याला टांगायचा आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचा. आम्ही तीन भावंडं त्या पाठीकडं बघत बसायचो. विहारामागच्या पत्र्याच्या एका खोलीत बघायला दुसरं काही नव्हतं.

दहावीचा भूगोल मी टँकरच्या रांगेत पाठ केला. दोन पायांच्या मध्ये घागर, हातात पुस्तक, आणि पुस्तकात मोसमी वाऱ्यांचा धडा. वारे कुठून येतात, कुठं अडतात, कुठं पाऊस पाडतात, सगळं मला येत होतं. आमच्याकडं का येत नाहीत, एवढं तेवढं पुस्तकात नव्हतं.

माय म्हणाली, "हितं बसून काय व्हनार हाय?" आणि ती नांदेड रस्त्याच्या माळावर वनखात्याच्या कामाला गेली. काम पिशव्या भरायचं. माती, वाळू आणि शेणखत कालवून काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत दाबून भरायचं, मधोमध बोटानं भोक पाडायचं आणि बी टोचायचं. परीक्षा झाल्यावर मीही जाऊ लागले. पहिल्याच दिवशी एक माणूस दिसला. भर उन्हात उघडं टक्कल, टकलावरून घाम गळतोय, आणि हातातली छत्री उघडून एका वीतभर रोपावर धरलेली.

मी मायला विचारलं, "ह्यो कोन?"

"सायेब हाय."

"मग छत्री डोक्यावर न्हाई का धरायची?"

"ती छत्री झाडाची हाय," माय म्हणाली आणि पुढची पिशवी उचलली.

हुद्दा वनपालाचा. गावानं नाव पाडलं जंगलसाहेब, आणि त्या नावात आदर बिलकुल नव्हता. लातूरला जंगल नावाला नाही. जिथवर नजर जाते तिथवर शेत, शेत संपलं की माळ, आणि माळावर मुरूम. तिथं जंगलसाहेब म्हणजे वाळवंटात नावाडी. साहेब मूळ किनवटकडचे. आयुष्य सागवानाच्या सावलीत गेलेलं. तिथं एकदा एका बड्या पाहुण्याची जीप हॉर्न वाजवत जंगलात शिरली. साहेबांनी ती अडवली आणि पाहुण्याला खाली उतरवून पायी चालायला लावलं, "जनावरं झोपलेत" म्हणून. दुसऱ्या माणसाला शिक्षा म्हणून जंगलात पाठवतात. यांना शिक्षा म्हणून जंगलाबाहेर पाठवलं.

येताना दोन ट्रंका आणल्या. शिपायाला वाटलं, एकीत कपडे असतील आणि एकीत भांडी. दोन्हींत बिया निघाल्या. धावडा, खैर, सालई, पळस, आपटा, बेहडा. कपडे पिशवीत होते, आणि ते किती होते हे पुढं सहा वर्षं आम्ही बघितलंच. खात्यानं लवकर वाढणारी, बारमाही हिरवी दिसणारी सुबाभळीची रोपं पाठवली, तेव्हा साहेबांनी ती हुकमाप्रमाणं लावली, पण कुंपणाच्या बाहेरच्या बाजूनं. आठ दिवसांत आमच्या वस्तीतल्या शेळ्या गुटगुटीत झाल्या. वर विचारणा झाली तेव्हा साहेबांनी लिहून पाठवलं, "रोपे लावली. पुढील जबाबदारी शेळ्यांची."

झाडांशी बोलणं अहो-जाहोनं. सकाळी फाटक उघडलं की एकेकापाशी थांबायचे. धावडा म्हणजे धावडे पाटील, खैर म्हणजे खैरमामा, सालई म्हणजे सालूबाई. "काय पाटील, रातच्या वाऱ्यानं तरास झाला का?" पाटील गुडघ्याएवढा, दोन पानांचा. साहेब मात्र कमरेत वाकून उत्तराची वाट बघायचे.

आम्हा बायांना नाव नव्हतं. जी ज्या ओळीतली रोपं सांभाळते ती त्या ओळीच्या आकड्याची. माय दुसरी ओळ, मी तिसरी ओळ.

"ए दुसरी ओळ, पाणी कमी घाल."

"सायेब, मला बी नाव हाय," माय एकदा म्हणाली.

"हाय का? बरं हाय." साहेबांनी मान हलवली. "दुसरी ओळ, पाणी कमी घाल."

काडीला पाटीलकी आणि बाईला आकडा. सगळ्या झाडांची इंग्रजी पुस्तकातली लांबलचक नावं त्यांना तोंडपाठ होती. त्या झाडांना पाणी घालणाऱ्या सहा बायांची सहा नावं सहा वर्षांत डोक्यात शिरली नाहीत. काहीजण अशा माणसाला साधू म्हणतात. मी म्हणत नाही.

पण त्यांचं खरं वेड झाडांचं नव्हतंच, वाटेचं होतं. माळाला वळसा घालून जाणारी, वर टेकाडावर चढून पुन्हा फाटकाशी उतरणारी एक पायवाट त्यांना करायची होती. "वाट अशी पाहिजे की म्हाताऱ्या मानसाला चढ लागला हे घरी गेल्यावर कळावं," असं म्हणायचे. वाट बरोबर झाली की नाही हे तपासायची त्यांची रीत अशी: पितळेचा तांब्या काठोकाठ भरायचा, तळहातावर ठेवायचा आणि चालायला लागायचं. जिथं पाणी हिंदकळून सांडेल तिथं चुन्याची खूण. तिथला चढ जास्त. खोदा पुन्हा.

हे कोणत्या साली? ज्या साली आम्ही एका घागरीसाठी पहाटेपासून रांगेत उभ्या होतो त्या साली. पहिल्या दिवशी त्या तांब्यातलं पाणी बायांच्या डोळ्यांदेखत मुरमात जिरलं. दुसऱ्या दिवशी मायनं तोंड उघडलं.

"सायेब, रिकामा तांब्या घिऊन चाला की. सांडलं असं समजू."

"समजून वाट व्हत न्हाई."

"मग आमची घागर भरून द्या. मी चालून दावते."

साहेबांना वाटलं, ही तपासणी आणखी कडक होईल. खुशीनं घागर भरून दिली. मायनं चुंबळ डोक्यावर ठेवली, वर घागर, आणि चालायला लागली. साहेब मागं मागं, हातात चुन्याची फक्की. चुन्याच्या जुन्या खुणा आल्या, टेकाड आलं, जिथं साहेबांचा अर्धा तांब्या सांडला होता तो चढ आला. माय एका हातानं पदर सावरत गेली तशी खाली आली. एक थेंब सांडला नाही.

"तू वाटंची परीक्षा बिघडवली," साहेब चिडून म्हणाले.

"सायेब, बाईच्या डोक्यावरचं पानी कुठल्याच वाटंवर सांडत न्हाई," माय म्हणाली आणि घागर तशीच घेऊन घराकडं चालू लागली. त्या दिवशी आमच्याकडं रांगेशिवाय पाणी होतं. साहेबांनी मात्र तांब्या सोडला नाही. आठ-दहा वेळा खोदून खोदून वाट अशी मऊ केली की खरंच चढ कुठं सुरू होतो ते कळत नसे. हे मान्य करायला मला अजून जड जातं.

नवा जिल्हा झाल्यावर गावाला एक नवीन नाद लागला होता, चालण्याचा. आधी लोक कुठं तरी जायला चालायचे. आता परत यायला चालू लागले. मोठी ऑफिसं आली, ऑफिसांबरोबर साहेबलोक आले, साहेबलोकांबरोबर साखरेचे डॉक्टर आले. डॉक्टर म्हणायचे, चाला. मग सकाळी पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांची रांग माळाकडं निघायची.

माय बघून थक्क. "हे कुठं चाललेत?"

"कुठंच न्हाई, माय. फिरून परत येतेत."

"काई आनायचं बिनायचं?"

"न्हाई."

"मंग पाय दुखवून घ्यायला येतेत व्हय?" तिनं पुष्कळ विचार केला. "पोटभर असलं की मानसाला काय काय सुचतंय."

या चालणाऱ्यांसाठी साहेबांनी पत्र्याच्या पाट्या रंगवल्या. मोठ्याने बोलू नये. झाडास हात लावू नये. थुंकू नये. हे कोणते झाड असे विचारू नये, वाचावे. शेवटची पाटी अशी: "येथे जंगल आहे." ती लावायची गरज होती, कारण बघून कुणालाच तसं वाटलं नसतं.

मेन रोडवरचे एक किराणा दुकानदार रोज यायचे. घरी पूजा आटोपून, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हातात काठी, आणि तोंडात तुरीचा भाव. भाव सांगताना त्यांचा आवाज पार हायवेवर ऐकू जायचा. साहेब त्यांच्यामागून ओठावर बोट ठेवून चालायचे. दुकानदारांना वाटायचं, साहेबांचा दात दुखतोय. एकदा त्यांनी चौफेर नजर टाकून अगदी सरळ विचारलं, "साहेब, पाटी तर हाय. जंगल कुठशिक हाय?"

"तुमी जंगलातच उभे हाव."

दुकानदारांनी आधी एक पाय उचलून बघितला, मग दुसरा.

तरी गाव एका दिवशी माळावर लोटायचं, दसऱ्याला. आपट्याची झाडं सबंध पंचक्रोशीत फक्त इथं. सोनं लुटायला माणसं पिशव्या घेऊन यायची. साहेब सकाळपासून आपट्याखाली काठी घेऊन बसलेले. "सोनं पाहिजे तर सराफाकडं जा. ही पानं हायत." दुकानदार म्हणाले, "साहेब, सणाचा दिवस हाय, असं कामून करता?" तेव्हा साहेबांनी पोत्यातून वाळलेल्या शेंगा काढल्या आणि एकेकाच्या हातावर ठेवल्या. "पान खिशात वाळून जाईल. हे बी लावा, पुढच्या दसऱ्याला घरीच लुटा." लोकांनी एकमेकांना शेंगा दिल्या. वडीलधाऱ्यांच्या पाया पडून हातावर शेंग. पोरांनी दिवाळीपर्यंत त्या वाजवल्या. बी एकानंही लावलं नाही. पुढच्या वर्षी गाव अंधारातच येऊन पानं तोडून गेलं आणि साहेब उजाडल्यावर काठी घेऊन बसले, ओरबाडलेल्या झाडाखाली, दिवसभर.

मी कॉलेजात गेले. सकाळी तास, दुपारपासून तिसरी ओळ. विषय वनस्पतिशास्त्र. साहेबांना कळलं तेव्हा म्हणाले, "झाडं शिकवतेत व्हय? कुठं, फळ्यावर?" मग त्यांनी मला भर उन्हाळ्यात वाटेनं नेलं. सगळ्या झाडांची पानं गळालेली, नुसत्या काड्या उभ्या. "हे कोन?" मला सांगता येईना. "पानं बघून झाड वळखनारा म्हंजे कपडे बघून मानूस वळखनारा. साल बघ." आणि मग धावड्याची पांढुरकी गुळगुळीत साल, खैराची खरबरीत, सालईची कागदासारखी सुटणारी, असं एकेक दाखवत गेले. दाखवायचं म्हणजे एक वीत लांबून. माझा हात पुढं झाला की मनगटावर छडी. मास्तर म्हणून ते आमच्या कॉलेजातल्या कुणाहूनही बरे होते. फक्त त्या दिवशी त्यांनी माझ्या पायातल्या चपलेचा तुटलेला अंगठा बघितला नाही, आणि वाटेवर खडी तापलेली होती.

वस्तीतल्या बाया सरपणाला निघाल्या की साहेबांचं आणि त्यांचं हटकून भांडण. माळाच्या कडेला पडलेल्या काटक्या वेचून मोळी बांधली की साहेब कुठून तरी उगवायचे आणि मोळी सोडायला लावायचे. "पडली तरी झाडाची हाय." बाया म्हणायच्या, "मंग भाकरी काय तुमच्या पाट्यांवर भाजू?" साहेब मोळी ठेवून घ्यायचे.

माझं शेवटचं वर्ष होतं आणि पाऊस पुन्हा गेला होता. एका सकाळी दुकानदारच बातमी घेऊन आले. नव्या जिल्ह्याच्या साहेबलोकांना बंगले पाहिजेत आणि सगळ्यांच्या डोळ्यांत हा माळ भरलाय. गावाला लागून, रस्त्यावर, हवा चांगली. दोन दिवसांनी कागद आला. पाहणी होणार. लावलेल्या झाडांपैकी निम्म्याहून जास्त जिवंत असली तर माळ वनाकडं राहील. नसली तर बंगल्यांना जाईल. पाहणी कधी? ऐन उन्हाळ्यात, म्हणजे वाटेच्या तोंडाशी असलेले चार कडुलिंब सोडले तर सगळ्या माळावर हिरवं पान नाही तेव्हा. सुबाभूळ कुंपणाच्या आत लावली असती तर ती तेव्हाही हिरवीगार उभी राहिली असती, हे आम्हाला कळत होतं. साहेबांना सांगायची कुणाची टाप नव्हती.

माळ गेला असता तर सहा ओळींची मजुरी गेली असती. आमच्या घरातल्या दोन. बा तर घरीच होता. म्हणजे माझी शेवटची परीक्षाही गेली असती. साहेबांचं काय गेलं असतं ते मी सांगायला नको. ट्रंका आता रिकाम्या होत्या.

माय म्हणाली, "सायेब, आठ दिस टँकरचं पानी घालू, चार पानं तरी फुटतील."

"झोपलेल्याला उठवून दावायला हे काय बघायच्या कार्यक्रमातली पोरगी हाय?"

मी म्हणाले, "मग पाहणी पुढं ढकला म्हणून अर्ज करा. नीट कारणं लिहा, मी लिहून देते."

साहेबांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि स्वतःच लिहिलं: "झाडे झोपली आहेत. पावसानंतर यावे." खाली सही. तो अर्ज वरच्या कचेरीत टेबलाटेबलावर फिरला म्हणे, आणि प्रत्येक टेबल हसलं.

पाहणीला एक मोठे साहेब आणि एक कारकून आले. कारकुनाच्या हातात रजिस्टर. आमचे साहेब इस्त्री केलेल्या खाकीत. पाच वर्षांत इस्त्री आम्ही पहिल्यांदा बघितली. वाटेनं सगळे निघाले, मागं आम्ही सहा बाया.

"वाट मात्र छान केली हो," मोठे साहेब म्हणाले. "दम लागत नाही. बंगल्यांना असाच रस्ता ठेवता येईल."

आमचे साहेब पहिल्या झाडापाशी थांबले. "हे धावडे पाटील."

मोठ्या साहेबांनी नमस्काराला हात जोडले आणि माणूस शोधायला इकडं तिकडं बघितलं. मग काडी दिसली. "हे?"

"झोपलेत."

"झोपलेत की गेलेत?"

कारकून हसला. "काय लिहू साहेब?"

"तुला काय दिसतंय?"

"काडी."

"मग वाळलेले लिही."

पुढं खैरमामा. वाळलेले. पुढं सालूबाई. वाळलेले. साहेब प्रत्येकापाशी थांबून नाव सांगत होते आणि "पाऊस पडला की उठतील" म्हणत होते. मोठे साहेब म्हणाले, "पाऊस पडेपर्यंत फाईल थांबत नसते हो." आमच्या साहेबांनी एकदाही विनवणी केली नाही. एका ओळीची सगळी झाडं अशी मेली. कारकुनाला तर सोपं काम सापडलं होतं. तो झाडाकडं न बघताच लिहीत होता.

माझ्याच्यानं राहवेना. मी पुढं झाले. "साहेब, ही जिवंत आहेत. ही पानगळीची झाडं आहेत, उन्हाळ्यात पानं टाकतात."

"तू कोण?"

"बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वनस्पतिशास्त्र."

"पुस्तकात असेल बाई. रजिस्टरमध्ये मला डोळ्यांनी दिसेल तेच लिहायला लागतं."

माझं शिक्षण तिथं संपलं. मला सालीवरून नाव सांगता येत होतं, पानगळीची कारणं लिहिता येत होती. जिवंत आहे हे दाखवता येत नव्हतं.

तेवढ्यात मागून माय आली. तिनं मला कोपरानं बाजूला केलं. "सायेब, आमी जळनाला जातो. काटकी उचलायच्या आदी तिला नख लावून बगतो. आतून हिरवी निघाली तर तशीच ठिवतो, चुलीत घातली तर घरभर धूर करती. वाळकी निघाली तर मोळीत. हे बगा." आणि तिनं धावडे पाटलांच्या अंगावर अंगठ्याचं नख ओढलं.

पांढऱ्या सालीखाली हिरवी रेघ. ओली. त्या उन्हात, त्या मुरमात, ओली.

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. वाकले. बोट लावून ओल बघितली.

"हात काढ!" आमचे साहेब किंचाळले. "ए दुसरी ओळ! हात काढ झाडावरचा!"

"सायेब, वाईच गप ऱ्हावा. तुमचंच काम करून राहिलो."

मोठ्या साहेबांना त्यात मजा वाटायला लागली. त्यांनी पुढच्या सालईला स्वतःचं नख लावलं. वाढवलेलं, चांगलं धारदार नख. "अरे! हिरवी आहे!" तोवर बाकीच्या बाया आपापल्या ओळीत शिरल्या होत्या. चुलीपुढं आयुष्य गेलेली बोटं, एका झाडाला एक खूण, कुठं लावायची ते ठाऊक. "हिरवं!" "हिरवं!" "हे बी हिरवं!" एखादी प्रामाणिकपणे ओरडायची, "हे वाळकं गं!" आणि कारकून धावत सुटायचा. पहिल्या ओळीचं सगळं पान त्याला खोडायला लागलं. ज्या बायांच्या मोळ्या साहेबांनी पाच वर्षं सोडायला लावल्या, त्याच बाया माळभर हिरवं हिरवं ओरडत होत्या. आणि साहेब? साहेब एका धावड्याला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे होते. त्या एका झाडाला कुणाला नख लावू दिलं नाही. कारकुनानं विचारलं, "हे काय लिहू?" मोठे साहेब म्हणाले, "राहू दे. माणूस जिवंत आहे, झाडही असेल."

रजिस्टरची पानं मोजून झाली. निम्म्याच्या कितीतरी पुढं गेलं होतं. मोठ्या साहेबांनी सही केली, रुमालानं नखातली साल पुसली आणि गाडीत बसले.

आम्हाला वाटलं, आता साहेब दोन शब्द बोलतील. आभाराचे नको, पण बरे. साहेब आले. इस्त्री पार चुरगळलेली.

"दुसरी ओळ, तिसरी ओळ, चौथी ओळ, सगळ्या. उद्यापासून यायचं न्हाई. झाडाला हात लावला."

"सायेब, तुमचं वन वाचलं की," माय म्हणाली.

"वाचलं. पन हात लावला."

आठ दिवस आम्ही घरी. मी कॉलेजला जाता-येता रस्त्यावरून बघायचे. साहेब एकटेच, हातात बादली. बादलीत शेण आणि माती. एकेका झाडापाशी खाली बसायचे आणि नखाएवढ्या जखमेवर बोटानं लेप लावायचे. सगळ्या माळावरच्या सगळ्या झाडांना, ओळीनं. छत्री बाजूला पडलेली. माझं एक मन म्हणायचं, ह्या माणसाला काय म्हणावं. दुसरं म्हणायचं, आमच्या वस्तीत गोवर आला होता तेव्हा हा माणूस कुठं होता.

नवव्या दिवशी माय उठली, पदर खोचला आणि माळावर जाऊन पिशव्या भरायला बसली. कुणी बोलावलं नव्हतं. तिच्यामागं आम्ही सगळ्या. साहेब आले, उभे राहिले, घड्याळ बघितलं.

"उशीर झाला," एवढंच म्हणाले.

पाऊस त्या वर्षी उशिरा आला, पण आला. पाटील उठले, मामा उठले, पळसाला तळव्याएवढी पानं आली. एक सालई तेवढी उठली नाही. ती नेमकी मोठ्या साहेबांच्या नखाची. साहेबांनी नोंदवहीत लिहिलं, "नखाने गेली." कुणाच्या नखानं? तर दुसऱ्या ओळीच्या. मोठ्या साहेबांचं नाव लिहायची हिंमत झाली नसावी, किंवा खरंच त्यांना आठवत नसावं. त्यांना माणसं आठवत नसत. मायनं ते ऐकलं आणि म्हणाली, "लिहू द्या. येवढी झाडं वाचली ती कुणाच्या नखानं, ते बी लिहा म्हनावं." ते काही लिहिलं गेलं नाही.

पुढच्याच वर्षी त्यांची पुन्हा बदली झाली. कुठं, ते मला माहीत नाही. जाताना दोन ट्रंका घेऊन गेले आणि या खेपेस त्या जड होत्या. दोन माणसांना उचलाव्या लागल्या. निरोप झाडांना दिला. एकेकापाशी थांबून, कमरेत वाकून. आम्ही सहाजणी फाटकाशी उभ्या होतो. आमच्यापाशी आल्यावर त्यांनी पाण्याच्या वेळा सांगितल्या आणि एसटीत बसले.

फाईलचा निकाल लागला. बंगले रस्त्यापलीकडं बांधले गेले. माळाच्या सातबाऱ्यावर वन अशी नोंद झाली आणि ती अजून तशीच आहे. मी त्या पाहणीच्याच उन्हाळ्यात परीक्षेला बसले आणि बी.एस्सी. झाले. आमच्या वस्तीतली मी पहिली.